शेपूट कापलं की बढती

चौदाव्या शतकातल्या इंग्रज नाइटला रणांगणावर बढती मिळाली, की त्याच्या निशाणाची शेपटं छाटून टाकत. भाल्याच्या पात्याखाली फडकणारं हे छोटं निशाण म्हणजे पेनन. ते त्रिकोणी तरी असे, नाहीतर दुशेपटी. शेपटं गेली की चौकोन उरे, आणि चौकोनी निशाण म्हणजे बॅनर. तो मिरवणारा 'नाइट बॅनरेट' स्वतःच्या निशाणाखाली स्वतःची तुकडी लढाईत उतरवी. फरक नुसता मानाचा नव्हता. तिसऱ्या एडवर्डच्या फौजेत बॅनरेटला रोज ४ शिलिंग मिळत, साध्या नाइटला २.

१३६७ साली स्पेनमध्ये नाहेराच्या लढाईआधीचा प्रसंग फ्रुआसार या बखरकाराने रंगवून सांगितला आहे. सर जॉन चँडोस आपलं गुंडाळलेलं निशाण घेऊन इंग्लंडचा युवराज ब्लॅक प्रिन्स याच्यापुढे गेला. बॅनर पेलायला लागणारी जमीनजायदाद आता आपल्याकडे आहे, असं त्याने सांगितलं. युवराजाने ते उलगडलं आणि काठीसकट परत त्याच्या हाती दिलं. चँडोसने ते तसंच आपल्या माणसांकडे नेलं: हे जितकं माझं, तितकंच तुमचं.

शिरस्त्राणाने चेहरा झाकला, की माणूस ओळखायचा तो कापडावरूनच. १३०० साली पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडमधल्या कॅरलॅव्हरॉकच्या किल्ल्याला वेढा घातला, त्यावर फ्रेंच भाषेत एक काव्य रचलं गेलं. त्यातला मोठा भाग वेढ्याचा नव्हे, निशाणांचा आहे. शंभराहून अधिक सरदारांचे रंग आणि चिन्हं कवीने एकेक करून वर्णिली आहेत.

बॅनरवर धन्याचं कुलचिन्ह असे, म्हणून जिथे बॅनर तिथे धनी.

स्टँडर्डचं तसं नव्हतं. टोकाकडे निमुळता होत जाणारा हा लांबलचक पट्टा. काठीजवळ संत जॉर्जचा क्रूस आणि पुढे घराण्याचे रंग, बिल्ले, ब्रीदवाक्य. त्याच्याभोवती शिपायांनी जमायचं, मग धनी तिथे असो वा नसो. ट्यूडर काळात त्याची लांबीही दर्जाप्रमाणे ठरली: राजाचं ८-९ यार्ड, ड्यूकचं ७, साध्या नाइटचं ४. जहाजावर मात्र हात सैल सुटे. १४३७ मध्ये वॉरिकच्या अर्लच्या गलबतासाठी रंगवलेला पट्टा ४० यार्ड लांब आणि ८ यार्ड रुंद होता.

कुलचिन्हापेक्षा बिल्ला साधा, शिपायालाही चटकन कळणारा. पण दोन बिल्ले सारखे दिसले तर घात. इंग्लंडमधल्या यादवीत, १४ एप्रिल १४७१ला बार्नेटच्या लढाईच्या वेळी दाट धुकं होतं. पाठलागावरून परतणाऱ्या ऑक्सफर्डच्या अर्लच्या माणसांच्या अंगावर किरणं सुटलेला तारा होता. त्यांचा दोस्त वॉरिक (१४३७चा नव्हे, पुढचा अर्ल) याच्या लोकांना तो शत्रूचा, म्हणजे चौथ्या एडवर्डचा, किरणांचा सूर्य वाटला आणि त्यांनी आपल्याच दोस्तांवर मारा केला. दगा, दगा अशी ओरड होऊन फळी फुटली. वॉरिक त्याच दिवशी मारला गेला.

हीच बॅनरची प्रथा पुढे दिल्लीत अवतरली. १ जानेवारी १८७७ला व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी दरबार भरला. त्या निमित्ताने व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना साटिनचे बॅनर बहाल केले. त्यांवरची कुलचिन्हं युरोपीय धाटणीची. ती बेतली होती रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने. जरीपटका मिरवणाऱ्या मराठी फौजांतून वर आलेल्या शिंदे, होळकर, गायकवाड घराण्यांच्या हातीही आता टेलरची चित्रं आली. चँडोसने बॅनर मागितला होता तो स्वतःच्या ऐपतीवर. इथे तो वरून दिला जात होता आणि घेणाऱ्याचं मांडलिकपण त्यातच मान्य होत होतं. शिवाय पितळी काठीमुळे एकेक बॅनर इतका जड झाला होता, की तो उचलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागतात, हे लिटननेच पत्रात लिहून ठेवलं आहे.