मालकाने दिलेली रजा

अमेरिकेतला नाताळ म्हटलं की बर्फ, सजवलेलं झाड आणि लाल कपड्यांतला सांता डोळ्यांपुढे येतो. हा देखावा फार जुना नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. ख्रिस्तजन्माची तारीख बायबलात नाही, मग हा सण आला कुठून, असा त्यांचा रोकडा सवाल. कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, नावड टिकली. मुलांचा, घरगुती नाताळ रुजला तो एकोणिसाव्या शतकात. १८५० साली ‘गोडीज लेडीज बुक’ने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापलं, पण राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडून. राजघराण्याचं अमेरिकन कुटुंब झालं. भाषांतरकार म्हणून मला या उचापतीचं कौतुकच वाटतं.

त्याच दशकांत दक्षिणेत एक वेगळा नाताळ होता. त्याचं वर्णन फ्रेडरिक डग्लसच्या १८४५च्या आत्मकथनात आहे. त्यातले काही उतारे मी सध्या मराठीत आणते आहे आणि एका शब्दाशी अडखळते आहे. नाताळ ते नववर्षदिन या दिवसांत गुलामांना मोकळीक असे. तिला ‘सण’ म्हणावं की ‘सुट्टी’? मी ‘रजा’वर आले आहे, कारण मराठीत रजा म्हणजे परवानगीसुद्धा. ती कुणीतरी द्यावी लागते.

या दिवसांत काही जण झाडू, चटया, टोपल्या विणत, काही शिकारीला जात. बहुतेक जण कुस्ती, शर्यती, नाच आणि दारू यांत रमत. दारू न पिणारा मालकाच्या नजरेतून उतरे. जास्त कोण पितो यावर मालक पैजाही लावत. डग्लसचं निदान कठोर आहे: ही रजा म्हणजे साठलेली वाफ बाहेर सोडणारी झडप. शिवाय पिऊन पिऊन शिसारी आलेल्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे हेच असं वाटावं आणि त्याने मुकाट शेताकडे परतावं, असा त्यात डाव होता.

डग्लसशी मी बहुतांशी सहमत आहे, पूर्णपणे नाही. हॅरिएट जेकब्सच्या १८६१च्या पुस्तकात नॉर्थ कॅरोलायनातले गुलाम नाताळच्या सकाळी चिंध्या पांघरून, डोक्यावर शिंगं लावून, मेंढीच्या कातड्याने मढवलेला ढोल बडवत दारोदार फिरतात. गाणी महिनाभर आधीपासून रचलेली. पैसे न देणाऱ्या गोऱ्याची गाण्यातूनच फजिती. शिमग्याला पोस्त मागताना अशीच थोडी मुभा असते. हे सगळंच मालकाच्या हिशेबातलं होतं, असं मला म्हणवत नाही.

पण जेकब्सही पुढचं सांगते. एक जानेवारी हा गुलाम भाड्याने देण्याचा दिवस. वर्षभर कुणाच्या शेतावर राबायचं ते त्या दिवशी ठरे. कुणाला विकूनही टाकत. एका आईची सातही मुलं लिलावात गेल्याचं ती लिहिते. नाताळची रात्र त्या आयांना कशी जात असेल? जेकब्स स्वतः आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून होती. तिथल्या पहिल्या नाताळात तिने अंधूक उजेडात आपल्या मुलांसाठी कपडे आणि खेळणी शिवली. खाली मुलांना त्या कुणी शिवल्या ते माहीत नव्हतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांनी मोडलेली व्यवस्था ही.

रजेचा एक उपयोग मालकांच्या मनात नक्कीच नव्हता. या दिवसांत गुलाम नातेवाइकांना भेटायला जात, त्यामुळे रस्त्यावर दिसले तरी चटकन संशय येत नसे. १८५४च्या नाताळात मेरीलँडमध्ये हॅरिएट टबमनचे तीन भाऊ नाताळनंतर लगेच विकले जाणार होते. ती त्यांना न्यायला आली. सगळे आईवडिलांच्या झोपडीजवळ चाऱ्याच्या कोठारात लपले. आईला कळवलं नाही. तिचा आक्रोश कुणीतरी ऐकला असता. ती जेवण रांधून मुलांची वाट पाहत होती आणि फटीतून त्यांना ती दिसत होती. वडिलांनी अन्न आणून दिलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. निघताना डोळ्यांना रुमाल बांधून मुलांचा हात धरून ते काही अंतर चालत गेले. पुढे चौकशी झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, यंदाच्या नाताळात मुलं दृष्टीस पडली नाहीत. २९ डिसेंबरला तिघे भाऊ फिलाडेल्फियात पोचले होते.