केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर

कोल्हापूरच्या सांस्कृतिक जीवनात केशवराव भोसले नाट्यगृहाचे स्थान अनन्यसाधारण आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले. त्यातून त्यांना खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ह्या मैदानालगतच त्यांनी १९१३ ते १९१५ ह्या काळात नाट्यगृह उभारले. ‘पॅलेस थिएटर’ हे त्याचे मूळ नाव. मल्लविद्या आणि नाट्यकला ह्या दोहोंना महाराजांनी शेजारी शेजारी स्थान दिले, ही बाब आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते.

१९५७ साली ह्या वास्तूस संगीतसूर्य केशवराव भोसले ह्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. बालवयातच ‘संगीत शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने ते नावारूपास आले. १९०८ साली हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी स्थापन केली. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले होते. दोन नामांकित मंडळ्यांचे हे प्रमुख नट व्यावसायिक स्पर्धा बाजूस सारून लोककार्यासाठी एकत्र आले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी केशवरावांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ३१ वर्षांचे होते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहास भीषण आग लागली. रंगमंच, छत व आसने भस्मसात झाली. दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेल्या वास्तूसमोर जमलेल्या कलावंतांना आणि रसिकांना अश्रू आवरले नाहीत. नाट्यगृह पूर्वीच्याच स्वरूपात उभे राहावे, अशी मागणी सर्व थरांतून झाली. शासनाने त्यासाठी निधी जाहीर केला व पुढे पुनर्बांधणीचे कामही हाती घेण्यात आले.

राजाश्रयाने उभी राहिलेली ही वास्तू पिढ्यान्‌पिढ्यांच्या नाट्यप्रयोगांमुळे व स्पर्धांमुळे लोकांची झाली होती, हेच त्या अश्रूंनी दाखवून दिले. हौशी नटाचे पहिले पाऊल जेथे पडते आणि भिन्न जातिधर्मांची माणसे जेथे शेजारी बसून एकाच प्रसंगावर हसतात व रडतात, ते स्थान समाजाचे सामाईक घरच असते. भिंती, छत व रंगमंच निधीतून उभारता येतील. ते घर पुन्हा नांदते करणे मात्र रसिकांच्याच हाती आहे, असे आम्हांस वाटते.