कोशिकापटलातील परिवहन : संकल्पनेचा इतिहास

प्रत्येक सजीव कोशिकेभोवती (पेशीभोवती) सु. ७ ते ८ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) जाडीचे पटल असते. पाणी, लवणे, शर्करा, ॲमिनो अम्ले इ. पदार्थांची या पटलातून जी ये-जा होते, तिला कोशिकापटलातील परिवहन म्हणतात. साध्या सूक्ष्मदर्शकातून हे पटल दिसत नाही. त्यामुळे ते प्रत्यक्ष दिसण्यापूर्वी कित्येक दशके, त्यातून काय जाते व काय जात नाही यावरूनच त्याचे अस्तित्व व घटना यांविषयी अनुमाने करण्यात आली.

तर्षणाचा अभ्यास : १७४८ मध्ये झां आंत्वान नॉले या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मद्यार्काने भरलेल्या पात्राचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पटलाने बांधून ते पाण्यात बुडविले. तेव्हा पाणी आत शिरून पटल फुगल्याचे त्यांना आढळले. आंरी द्यूत्रॉशे यांनी १८२६ च्या सुमारास या क्रियेचा सजीवांच्या संदर्भात पद्धतशीर अभ्यास केला. मोरिट्‌स ट्राउबे यांनी १८६७ मध्ये कृत्रिम अर्धपार्य (पाणी जाऊ देणारी, परंतु विरघळलेले काही पदार्थ अडविणारी) पटले तयार केली. व्हिल्हेल्म फेफर यांनी अशाच पटलांच्या साहाय्याने तर्षण दाब मोजला आणि १८७७ मध्ये, जीवद्रव्याभोवतीही असेच पटल असले पाहिजे, असे प्रतिपादन केले. या मापनांचा उपयोग करून व्हान्ट हॉफ यांनी विद्रावांचा सिद्धांत मांडला. त्यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

वसेचे पटल : अर्न्स्ट ओव्हर्टन यांनी १८९५ पासून झुरिक येथे अनेक संयुगे कोशिकांवर वापरून पाहिली. जे पदार्थ वसेत सहज विरघळतात तेच कोशिकेत जलद शिरतात, असे आढळल्यावरून पटल वसासदृश द्रव्याचे असावे, असे त्यांनी अनुमान केले. एव्हर्ट गॉर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तकोशिकांतील वसाद्रव्य ॲसिटोनाने वेगळे काढून पाण्यावर पसरविले. त्याचे क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठभागाच्या सु. दुप्पट भरले. त्यावरून पटलात वसारेणूंचे दोन थर असतात, हा निष्कर्ष निघाला. वसाद्रव्य पूर्णपणे निघालेले नव्हते व कोशिकांचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते, हे पुढे लक्षात आले. परंतु या दोन चुका परस्परांना छेदून गेल्यामुळे निष्कर्ष बरोबरच राहिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे १९५० नंतरच्या दशकात पटल प्रत्यक्ष दिसले. वसेच्या प्रवाही द्विस्तरात प्रथिने विखुरलेली असतात, हे आज मान्य असलेले प्रतिरूप सिंगर व निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडले.

सक्रिय परिवहन : कोशिकेत पोटॅशियम अधिक व सोडियम कमी का असते, याचा उलगडा केवळ विसरणाने होत नव्हता. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञांना १९५७ मध्ये खेकड्याच्या तंत्रिकांत एक एंझाइम सापडले. ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेटाच्या (एटीपीच्या) ऊर्जेवर ते तीन सोडियम आयन बाहेर टाकते व दोन पोटॅशियम आयन आत घेते. म्हणून त्याला सोडियम-पोटॅशियम पंप म्हणतात. या शोधाबद्दल स्कू यांना १९९७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात पुढील कल्पना मांडली : पंपामुळे कोशिकेत सोडियम कमी राहते, बाहेरचे सोडियम आत येताना त्याच वाहकातून ग्लुकोजही आतड्याच्या कोशिकेत ओढून आणते. यास सहपरिवहन म्हणतात.

पटकीवरील उपचार : सहपरिवहनाचा सर्वांत मोठा उपयोग पटकी किंवा कॉलरा या रोगात झाला. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्ता येथे पटकीच्या जंतूचे विष दाखवून दिले. या विषामुळे आतड्याच्या कोशिकांतून क्लोराइड आयन सतत बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जाते व रुग्ण निर्जलीभवनाने दगावतो. मात्र सोडियम व ग्लुकोज यांचे सहपरिवहन या रोगातही अबाधित राहते. त्यामुळे मीठ व ग्लुकोज योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी तोंडाने दिल्यास ते शोषले जाते, हे १९६८ मध्ये डाक्का येथे नलिन व कॅश यांनी रुग्णांवरील चाचणीत दाखविले.

१९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाच्या लवण विद्रावाचा साठा अपुरा पडला. तेव्हा दिलीप महलनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३·५ ग्रॅम मीठ व २·५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. सु. ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने सु. ३·६ टक्क्यांपर्यंत उतरले. महलनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रतिलिटर, म्हणजे समान, ठेवलेले आहे.

अलीकडील संशोधन : पाण्याच्या जलद वहनासाठी पटलात स्वतंत्र प्रथिन-मार्ग असतो, हे पीटर ॲग्री यांनी १९९२ मध्ये दाखविले. पोटॅशियमाच्या मार्गाची रेणवीय संरचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये निश्चित केली. या दोघांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. क्रेन यांनी कल्पिलेल्या सोडियम-ग्लुकोज वाहकाचे जनुक १९८७ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. तोपर्यंत त्या वाहकाच्या आधारावर असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले गेलेले होते.