कॅप्टन मुल्ला आणि शेवटची पाळी

शौर्यपदकाच्या मानपत्रात काही मिनिटांची हकीकत असते. त्यामागची वर्षं तिथं मावत नाहीत. आज आपण कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची ती वर्षं आधी पाहू.

जन्म १५ मे १९२६, गोरखपूरचा. १ मे १९४८ रोजी ते नौदलात अधिकारी झाले. लंडनला आपल्या उच्चायुक्तालयात काम केलं, ‘राणा’ या विनाशिकेचं नेतृत्व केलं, मुंबईत कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेल्या ‘आयएनएस आंग्रे’वरही ते होते. १९७१च्या युद्धात ते ‘खुकरी’चे कप्तान आणि १४व्या फ्रिगेट स्क्वाड्रनचे प्रमुख होते. वय ४५.

दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीचा माग लागला होता. तिला शोधायला ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ मुंबईहून निघाल्या. पण ‘हँगोर’ ही ती फ्रेंच बनावटीची पाणबुडी नवी होती, आणि तिला आपल्या जहाजांची चाहूल आधी लागत होती. त्यात सोनारचा एक प्रयोग चालू असल्यानं ‘खुकरी’ संथ चालली होती. ९ डिसेंबरच्या रात्री टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचले ६७.

वाचलेल्यांनी सांगितलं, की मुल्ला माणसांना बाहेर काढत होते. स्वतःचं लाइफ जॅकेट त्यांनी एका नौसैनिकाला दिलं. स्वतः जहाज सोडलं नाही.

नीतिशास्त्र शिकवताना आम्ही हे उदाहरण दिलं की वर्गातून एक प्रश्न हमखास यायचा: ‘सर, ते वाचले असते तर देशाला जास्त उपयोग नसता का झाला?’ प्रश्न उद्धट नाही, रास्त आहे. कप्तानानं जहाजाबरोबर बुडावं, असं कर्तव्य कुणी सांगत नाही. परंपरा एवढंच सांगते, की त्यानं सर्वांत शेवटी उतरावं. आता बघा, खालच्या डेकवर माणसं अडकलेली होती. ती बाहेर येईपर्यंत कप्तानाची पाळी येणार कशी? ती आलीच नाही. आम्हाला वाटतं, मुल्लांनी मरण निवडलं असं म्हणू नये. त्यांनी रांग मोडली नाही, इतकंच म्हणावं.

अशी गोष्ट दोन मिनिटांत सुचत नाही. सद्गुण सवयीनं घडतो, असं ॲरिस्टॉटल सांगतो. तेवीस वर्षं आधी माणसांचा, मग स्वतःचा विचार केला असेल, तरच हात आपोआप जॅकेटच्या पट्ट्याकडे जातो.

त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला ‘खुकरी’चं स्मारक आहे. तिथं गेलात तर नमस्कार जरूर करा. पण जुन्या सोनारवर त्या माणसांना का जावं लागलं, हेही विचारा. कप्तानाच्या गौरवाआड तो प्रश्न लपवला, तर ज्या १९४ जणांसाठी आपण हात जोडतो, त्यांचं देणं राहूनच जाईल.