पाँपेई लक्ष्मी

इटलीतील पाँपेई या नगराच्या उत्खननात १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना मिळालेली, सुमारे २५ सेंमी. उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या उद्रेकात हे नगर गाडले गेल्याने मूर्ती त्यापूर्वीची ठरते. इतका पक्का कालनिर्देश तत्कालीन भारतीय शिल्पांच्या वाट्याला क्वचितच येतो. सध्या ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

मूर्ती जवळजवळ विवस्त्र असून तिच्या कमरेला मेखला, हातांत बांगड्यांची चळत आणि पायांत जड तोडे आहेत, तर दोन्ही अंगांना प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या ठेंगण्या सेविका उभ्या आहेत. ही मूर्ती लक्ष्मीची समजली गेली होती; पुरातत्त्वज्ञ एलिझाबेथ ड्यूरिंग कास्पर्स यांनी मात्र या सेविकांवरच बोट ठेवले. लक्ष्मीची ओळख कमळ आणि जलाभिषेक करणारे हत्ती यांवरून पटते, ती चिन्हे येथे नाहीत. उलट प्रसाधनात मग्न आणि दोहों बाजूंस क्यूपिड, म्हणजे पंख असलेली प्रेमदेवतेची बालके, अशी मांडणी रोमन सौंदर्यदेवता व्हीनस हिची आहे. त्यामुळे या मूर्तीत दोन्ही देवतांचा मिलाफ झाला असावा, असे त्यांचे मत होते. ती लक्ष्मी नसून यक्षी, म्हणजे समृद्धीशी जोडलेली उपदेवता, असल्याचेही काही अभ्यासक मानतात.

मूर्ती प्रारंभी मथुरेची समजली गेली. मात्र जालना जिल्ह्यातील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे १९७३ च्या उत्खननात याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, मराठवाड्यातीलच तेर येथेही तशी मूर्ती सापडली, आणि सातवाहनकालीन दख्खनकडे लक्ष वळले. तळाशी कोरलेले ‘शि’ हे अक्षर मात्र वायव्य भारतातील खरोष्ठी लिपीचे असल्याने प्रश्न पुरता सुटलेला नाही.

मूर्तीच्या मस्तकातून खाली छिद्र पाडलेले असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा आधार असावी. तिची पूजा होत असल्याचा पुरावा नाही. याउलट त्याच नगरात ईसिस या ईजिप्शियन देवीचे मंदिर होते आणि तेथे खरीखुरी उपासना चाले. त्या अर्थाचा धार्मिक समन्वय या मूर्तीवर लादणे योग्य नव्हे. येथे घडला तो रूपांचा मिलाफ, आणि तो देवळापेक्षा कारागिराच्या हाती घडला. नाण्यांवरही असेच दिसते : कुषाण नाण्यांवरील आर्दोक्षो या इराणी देवीने ग्रीक भाग्यदेवता टायकी हिचे समृद्धिशृंग, म्हणजे धनधान्याने भरलेले शिंग, हाती घेतले, पुढे गुप्त सम्राट समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर ते तसेच राहिले आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळी त्याच देवीच्या हाती कमळ येऊन ती लक्ष्मी झाली.