अंगठीतून जाणारी शाल आणि चहाची पुडी

थंडी सुरू झाली की आपल्या गटांत लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. हल्ली शहरातल्या दुकानांत मेरिनोची लोकर मिळते. हात लावला की कापसासारखी मऊ, अंगाला टोचत नाही. मेरिनो ही मुळात स्पेनमधली मेंढी. तिची लोकर इतकी मोलाची, की स्पेनने कितीतरी काळ ही मेंढी देशाबाहेर जाऊच दिली नाही. अठराव्या शतकात ती जर्मनीकडे गेली आणि 1797 मध्ये ऑस्ट्रेलियात पोचली. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर याच्या अगदी उलट, राठ. तिची घोंगडी होते, पाऊस अडवते, पण तिची जाळीदार शाल होणार नाही.

आज या मेरिनोच्या बारीक धाग्यातून बायका जाळीची शाल विणतात. तिचे नमुने बघितले तर त्यांतले पुष्कळ शेटलंडचे निघतात. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही वर, उत्तर समुद्रातली बेटं. आज मला बोलायचं आहे ते तिथल्या बायकांबद्दल.

तिथे मेरिनो नव्हती. तिथली मेंढी लहानखुरी, आणि तिच्या मानेवरची लोकर सगळ्यात मऊ. उन्हाळ्याच्या तोंडाला ही लोकर आपोआप सैल होते. म्हणून ती कातरत नसत, हातानं अलगद उपटून घेत. मग विंचरायची आणि लहान चरख्यावर केसासारखी बारीक कातायची. सगळ्यात वर असलेल्या अन्स्ट बेटाची सूतकताई फार नावाजलेली. दोन-तीन औंस, म्हणजे 60 ते 80 ग्रॅम लोकरीत अंगभर पांघरायची चौकोनी शाल होई. ती बोटातल्या अंगठीतून ओढली तर सरसर बाहेर येई, म्हणून तिला लग्नाच्या अंगठीची शाल म्हणत.

जाळीची युक्ती तशी साधी आहे. धागा सुईवर नुसता एक वेढा घेतला की भोक पडतं. एक टाका वाढला, म्हणून शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. भोक कुठे आणि जोडटाका कुठे, एवढ्यावर लाटा, नेचाची पानं, मांजराची पावलं उमटतात. कंबरेला चामड्याचा भोकांचा पट्टा असे. सुईचं एक टोक त्यात खोचायचं, म्हणजे चालता चालताही विणता येई. पाठीवर जळणाची टोपली आणि हातात विणकाम, असे त्या बायकांचे जुने फोटो आहेत. शाल झाली की धुवायची, गंधकाची धुरी देऊन पांढरी करायची, चौकटीवर ताणून वाळवायची. सुईवरून उतरते तेव्हा ती चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते. ताणल्यावर नक्षी उघडते.

हे जाळीचं काम 1830-40 च्या सुमारास भरभराटीला आलं. लर्विक गावचे आर्थर अँडरसन यांनी राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे बारीक मोजे भेट दिले आणि मागणी वाढली. हे अँडरसन म्हणजे पी अँड ओ या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांची जहाजं पुढे आपल्या मुंबई बंदरातही येत. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात या शाली मांडल्या गेल्या. लंडनच्या श्रीमंत बायकांच्या खांद्यांवर शेटलंडची जाळी आली.

आणि विणणारीच्या हातात काय आलं? चहा. कापड. पैसे नाहीत.

ही चाल नीट समजून घ्या. काही बायका व्यापाऱ्याची लोकर आणून मजुरीवर विणत, काही स्वतःच्या लोकरीची शाल विणून विकत. आपल्याला वाटेल, दुसरीचं बरं चाललं असेल. तसं नव्हतं. दोघींनाही दुकानातला माल घ्यावा लागे. शाल घेणारा तोच, माल देणारा तोच, आणि मालाचा भाव लावणारा तोच. हिशेब शिल्लक राहिला तर चिठ्ठी मिळे, तीही त्याच दुकानात चालणारी. रोख मागितली तर शालीचा भाव उतरे. हे दुकानदार मुख्यतः कापड आणि चहा ठेवत. पीठ त्यांच्याकडून मिळणं कठीण. मग बाई चहाची पुडी घेऊन शेजारणीकडे जायची आणि तोटा सोसून तिच्या बदल्यात पीठ नाहीतर बटाटे आणायची. अंगावर बरं कापड आणि घरात पीठ नाही, अशी अवस्था.

पुरुष मासेमारीला जात आणि जमीनदार-व्यापाऱ्याच्या उधारीत अडकलेले असत. समुद्र नवरे-मुलगे घेऊन जाई. 1881 च्या जुलैत ग्लूपच्या वादळात एका रात्रीत 58 कोळी बुडाले. मागे राहिलेल्या घरांना सुईचा आधार होता, आणि सुईची कमाई ही अशी.

आमच्या गटालाही एकदा एक व्यापारी गोधड्यांच्या पैशांऐवजी साबण-तेलाचे खोके देऊ करत होता. "ताई, घरात लागतंच की," म्हणाला. लागतं, खरं आहे. पण मुलीची फी साबणानं भरता येत नाही. शेटलंडच्या बाईलाही जागेचं भाडं चहानं देता येत नव्हतं. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सगळ्यात क्रूर भाग कमी भाव हा नाही. आपल्या कमाईचं काय करायचं हे बाईनं ठरवायचंच नाही, हा आहे.

सरकारनं अखेर चौकशी लावली. 1872 च्या जानेवारीत विल्यम गथ्री नावाचे वकील लर्विकला येऊन बसले आणि साक्षी सुरू झाल्या. व्यापाऱ्यांनीही तिथे सरळ सांगितलं, की नफा शालीवर नाही, बदल्यात दिलेल्या मालावर मिळतो. 1887 च्या कायद्यानं मजुरीत माल देण्यावर बंधनं आणली, घरी बसून विणणाऱ्यांसाठीसुद्धा. तरी चाल लगेच मोडली नाही. तक्रार केली तर उद्या शाल घेणार कोण, हा प्रश्न होताच. पुढे 1920 नंतर फॅशन बदलली, फेअर आयल बेटाच्या रंगीत स्वेटरांना मागणी आली आणि बारीक जाळी मागे पडली. पण विद्या संपली नाही. अन्स्टच्या संग्रहालयात त्या जुन्या शाली आजही बघायला मिळतात.

जुन्या शालींवर विणणारीचं नाव बहुधा नसतं. गथ्रींच्या चौकशीच्या कागदांत मात्र बायकांचे जबाब नावानिशी छापलेले आहेत. कुणी किती शाली दिल्या, बदल्यात काय मिळालं, रोख मागितली तेव्हा दुकानदार काय म्हणाला, सगळं प्रश्नोत्तरांत.