संत्रा नागपूरचा, भाव कोणाचा?

श्रोतेहो, नागपूरला संत्रानगरी म्हणतात, पण नागपूर शहरात संत्रा पिकत नाही. पुढच्या रांगेतले दोन-तीन चेहरे त्रासलेले दिसताहेत, पण थोडं थांबा. संत्रा पिकतो काटोल-नरखेडला आणि त्याहून जास्त पलीकडे अमरावती जिल्ह्यात, वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूरकडे. नाव एका गावाचं, घाम दुसऱ्या गावांचा. आमची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. नाव आणि वस्तू यांचा संबंध हा आमच्या विषयातला जुनाच झगडा. पण आजचा प्रश्न रोकडा आहे. या नावाचा पैसा बागाईतदाराच्या हातात का पडत नाही?

आधी उगम पाहू. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून रोपं आणून वाड्याच्या परसात लावली, असं परंपरा सांगते. 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालच्या सिन्त्रा गावावरून आला असं पुष्कळ जण ठासून सांगतात. पण बाबराच्या आत्मचरित्रात 'संगतरा' येतो, आणि बाबर वारला १५३० साली. पोर्तुगीजांचं पाऊल पडून तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती. तेव्हा ही व्युत्पत्ती जरा जपूनच वापरलेली बरी.

परसातलं झाड बाजारात कसं आलं? १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपुरात पोचली, आणि नाशवंत मालाला दूरचं गिऱ्हाईक मिळण्याची वाट मोकळी झाली. पण दूरचं गिऱ्हाईक म्हणजे मधे माणसंही आली. कोण पेट्या भरणार, कोण वाघिणी ठरवणार, कलकत्त्याला माल उतरवून कोण घेणार? हे सगळं ज्याला जमलं, भाव ठरवणं त्याच्याच हाती गेलं.

आता खुद्द फळाकडं बघा, कारण निम्मं उत्तर तिथंच आहे. झाडाचं पाणी काही आठवडे तोडायचं, याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की फूल येतं. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिल. त्या दिवसांत सगळ्यांचा माल एकदमच येतो. साल पोकळ, सुटी. खाणाऱ्याला सोईची, पण वाहतुकीत पटकन दबणारी. रस काढून ठेवावा, तर काही तासांत कडू होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारणीभूत. ताजं फळ गोड आणि ठेवलेला रस कडू! म्हणजे भाव पडला तर रस काढून साठवू, ही पळवाटही सोपी नाही. अशा फळाचा मालक घासाघीस किती दिवस करणार? म्हणून तो झाडावरच बाग विकतो, इसार घेतो, आणि पुढं भाव चढला तर तो फायदा व्यापाऱ्याचा. भाव पडला की व्यापारी चुरी, म्हणजे बारीक फळं, झाडावरच सोडून जातो. बाग विकणारा शेतकरी अडाणी असतो असं आम्हाला कधीच वाटलं नाही. त्याला हातात रोख लागते, आणि फळ थांबत नाही.

वरुड-मोर्शीला आपण अभिमानानं 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतो. खऱ्या कॅलिफोर्नियात काय झालं तेही ऐका. तिथंही मधल्या दलालांनी मालाचा सगळा धोका बागाईतदारांवर ढकलला होता. १८९३ मध्ये त्यांनी संघ काढला. १९०७ मध्ये पेट्यांच्या लाकडासाठी आपलीच पुरवठा कंपनी उभी केली, आणि १९०८ मध्ये 'सनकिस्ट' हे नाव घेतलं. फळ नाव छापलेल्या कागदात गुंडाळलं जायचं. दुकानदार दुसरीच संत्री त्या नावावर खपवू लागले, तेव्हा संघानं युक्ती काढली: ठरावीक कागद नि थोडे पैसे पाठवा, आणि चांदीचा मुलामा दिलेला चमचा घ्या. गिऱ्हाईक आपणच कागद मागू लागलं! नाव पिकवणाऱ्यांच्या मालकीचं होतं, ही त्यातली मेख.

आपल्याकडं काहीच झालं नाही असं मात्र नव्हे. 'नोगा'चा जॅम किंवा सरबत घरात नव्हतं असं जुनं नागपूरकर घर विरळाच. पण नोगा म्हणजे 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन', हे किती जणांना ठाऊक होतं? पिकवणाऱ्यांच्या संघाची ती आद्याक्षरं. पुढं हा कारखाना नि हे नाव महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडं गेलं. आज त्या लेबलाखाली टोमॅटो केचपही मिळतं. केचपला आमची हरकत नाही. मात्र संघाचं नाव सरकारी महामंडळाची छाप झालं, आणि त्या नावात बागाईतदाराचा वाटा उरला नाही.

त्यानंतर सरकारनं हात लावला तो बहुधा कागदाला नि विज्ञानाला. १९८५ मध्ये नागपुरात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं, आणि त्याचं मोल आम्ही कमी मानत नाही. २०१४ मध्ये 'नागपूर संत्रा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. पण मानांकन मिळालेलं फळ आणि न मिळालेलं फळ दोन्ही हातगाडीवर एकाच ढिगात, आणि दोन्ही 'नागपूरचे'. चमच्यासारखं काही आपल्याला अजून सुचलेलं नाही.

ताजी गोष्ट सांगतो. आपल्या संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. २०२० मध्ये किसान रेल्वेनं वरुडहून थेट बेनापोलला माल जाऊ लागला. त्या स्टेशनाचं नावच 'वरुड ऑरेंज सिटी'. पण २०१९ मध्ये बांगलादेशचं आयातशुल्क किलोमागं २० टका होतं, ते २०२३ पर्यंत ८८ टका झालं. निर्यात घसरली, तो माल आपल्याच बाजारात उलटला आणि इथले भाव कोसळले. एका गिऱ्हाइकावर इतका भार टाकायचं कोणी ठरवलं होतं? शेतकऱ्यानं तर नाही. त्याला विचारलं कोणी होतं? आणि ढाक्याशी शुल्काची बोलणी करायला वरुडच्या बागाईतदाराच्या वतीनं खुर्चीवर कोण बसलं होतं, हे आम्हाला तुम्हा श्रोत्यांनाच विचारायचं आहे. तुमच्यात काटोलकडचे काही जण आहेत, त्यांनी आधी बोलावं.